राखणदार, हरण आणि धुरांडं

तूर फुलली की मला धूर आठवतो. चुलीचा नव्हे, तुराट्या जाळल्याचाही नव्हे, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा. करडा, गोल, दाराच्या चौकटीत गच्च बसणारा आणि थोड्याच वेळात विरून जाणारा. आळंदहून गावाकडे निघालो की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळी धमक तूर उभी असते. गाडी थांबवली तर मधमाश्यांची गुणगुण कानात भरते. शहाण्या माणसाला अशा वेळी शेंगा आठवतील, आमटी आठवेल. माझं डोकं लहानपणापासून जरा तिरपंच चालतं. मी विचार करत असतो, की धुरातून येणाऱ्यापुढे राखणदाराचं काही चालतं की नाही.

हा प्रश्न मला सहा वर्षांपासून छळतोय. मी आळंदला एका शाळेत कन्नडमधून गणित शिकवतो, घरी मराठीत भांडतो आणि खेळायला बसलो की दखनीत ओरडतो. तिन्ही भाषांत हा प्रश्न मांडून झाला आहे. लोक हसतात. पण याच प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे असं समजून मी माझ्या बहिणीची एक मोठी संधी घालवली होती, आणि ते उत्तर बरोबर होतं की चूक, हे मला आजवर कळलेलं नव्हतं.

बहीण म्हणजे सुजाता, आमची सुजा. माझ्याहून चार वर्षांनी धाकटी, आता हैदराबादला नोकरी करते. या वर्षी तूर फुलली त्याच आठवड्यात तिचा फोन आला.

“अण्णा, तूर कशी हाय?”

“फुललीया झकास.”

“मग कापणीला मी यायले. तुझं कॉम्प्युटर धड हाय न्हाई?”

“हाय की. कामून?”

“कामून म्हणजे? खेळायचंय.”

सहा वर्षांत तिनं माझ्यासोबत खेळायचं नाव काढलं नव्हतं.

खेळ तसा सोपा आहे. पाच जण हल्ला करणार, पाच जण राखण करणार. गल्ल्या, जिने, दारं आणि दोन कोठारं. हल्लेखोरांनी त्यातल्या एका कोठारात बॉम्ब लावायचा, राखणाऱ्यांनी तो लावू द्यायचा नाही. बंदुका सगळ्यांना सारख्याच मिळतात. फरक असतो पात्रांत. प्रत्येक पात्राचं आपलं एक वेगळं कसब. त्यांची मूळ नावं इंग्रजी होती आणि ती आमच्या तोंडात बसेनात, म्हणून सुजानं नवी ठेवली. जे दारात बारीक तार बांधतं आणि तारेला कुणाचा पाय लागला की ज्याच्या कानात टिंग वाजते, ते राखणदार. जे दोन ढांगांत अंगण ओलांडतं, ते हरण. जे दारात धूर सोडून त्याच्याआड पावला-पावलानं येतं, ते धुरांडं. यात एक मेख आहे. तार वाजली ती फक्त राखणदारालाच ऐकू येते. बाकीच्या चौघांना त्यानं तोंडानं सांगावं लागतं.

सुजा राखणदार घ्यायची. दुसरं काही घ्यायचीच नाही म्हणा ना.

सहा वर्षांपूर्वी आम्ही बिदरला मैलूरमध्ये भाड्याच्या घरात राहत होतो आणि शेत राजेश्वरला. माझं शिक्षण संपलेलं, नोकरी लागायची होती. सुजा पदवीच्या शेवटच्या वर्षाला. आमचा मित्र इरफान, त्याच्या मामाचं नेट सेंटर होतं. सहा कॉम्प्युटर, त्यातले पाच चालणारे. दुपारी तिथं गिऱ्हाईक नसायचं, म्हणून दुपार आमची. आई संध्याकाळी विहारातून परत यायच्या आत सुजा घरी पाहिजे, एवढीच अट होती. आई सकाळी तुरीच्या हिरव्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायची आणि डबा भरून आमच्यासोबत द्यायची. शेंग दातांत धरून ओढायची, दाणे तोंडात, टरफल कागदावर, आणि तीच बोटं कीबोर्डवर. इरफान वैतागायचा. “अरे मीठ लग रा जी, चाबियां चिपक रै!” असं ओरडत तोच सगळ्यांत जास्त शेंगा खायचा. आळंदचा बसू आमच्यात चौथा. तो घाबरला की त्याची मराठी पळून जायची आणि तो कन्नडमध्ये “बंद्रू, बंद्रू!” म्हणून किंचाळायचा. म्हणजे आले, आले. कुठून आले, ते तो कधीच सांगत नसे. पाचवा गडी दर वेळी वेगळा असायचा. कलबुर्गीला जो आमच्यासोबत आला त्याचं नाव आता मला आठवतसुद्धा नाही.

आणि मी अण्णा. सगळ्यांत मोठा, म्हणून म्होरक्या. दुसरी काही पात्रता होती असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

मोठेपणाच्या भरात मी एक वही केली होती. तिच्यात दोन पानं अशी समोरासमोर होती, की ती आजही डोळ्यांपुढे येतात. डाव्या पानावर, राखणदार विरुद्ध हरण: राखणदार भारी. कारण हरण धावत येणार, तार वाजणार, ते उघड्यावर सापडणार. उजव्या पानावर, राखणदार विरुद्ध धुरांडं: राखणदार बाद. कारण तार वाजेल हो, पण धुरात दिसणार काय? नुसतं ऐकून गोळी कुणाला मारायची? खाली दोन रेघा ओढून मी लिहिलं होतं, की समोर धुरांडं असेल तर राखणदार सोडून द्यायचा. गणिताचा माणूस रेघा ओढतो तेव्हा त्याला स्वतःचा फार भरवसा वाटत असतो.

सुजानं ती वही एकदा शेंगा खात खात वाचली होती.

“अण्णा, उलटं हाय हे.”

“कसं काय?”

“हरण लई जोरात जातंय. तार वाजली, मी मान वळवली, तवर ते दुसरीकडंच. मला कळतंय ते कुठं होतं, कुठं हाय ते न्हाई. धुरांडं हळू येतंय. तार वाजली की ते तिथंच असतंय. आन् धुरात मला दिसत न्हाई तसं त्येलाबी दिसत न्हाई की.”

मी म्हणालो, “बरं, बघू.” मोठ्या भावाच्या बघूचा अर्थ घरोघरी एकच असतो.

खरं म्हणजे तिला हे पुस्तकातून शिकायची गरजच नव्हती. राजेश्वरच्या आमच्या रानात आमच्या दोघांचंही हेच शिक्षण झालं होतं. तुरीच्या पट्ट्यांच्या मधे हरभरा असायचा, आणि हरभरा कोवळा असताना पहाटेच्या धुक्यात काळविटं यायची. तीन घरांची शेतं लागून, म्हणून राखण मिळून. बांधाबांधानं दोरी ओढलेली, दोरीला तेलाचे रिकामे डबे, आणि एकेका कोपऱ्यावर एकेक माणूस गोधडी पांघरून बसलेला. धुकं एवढं, की पुढची तूर दिसायची नाही. डबा खडखडला की ज्याच्या कोपऱ्यातला खडखडला त्यानं ओरडायचं, आणि बाकीच्यांनी “हो” म्हणून तिकडे पळायचं. त्या वेळी दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. का, कशावरून, नक्की का, असं काही विचारायचं नाही. वयाचा तिथं संबंध नसायचा. एका पहाटे सुजा ओरडली, “ओढ्याकडं!” ती तेव्हा सात वर्षांची असेल, आवाज चिमणीएवढा. अप्पा, म्हणजे आमचे वडील, बोलता बोलता थांबले, “हो” म्हणाले आणि धोतर खोचून ओढ्याकडे पळाले. घरात अप्पांचं वाक्य मधेच तोडायची आमची कुणाची टाप नव्हती. बांधावर मात्र सात वर्षांच्या पोरीनं तोडलं आणि अप्पांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मी ते पाहिलं होतं. पाहून विसरलो, हीच तर गंमत आहे. गंमत कसली म्हणा.

कापणी तोंडावर आली तेव्हा कलबुर्गीच्या एका कॉलेजात या खेळाचे सामने ठरले. त्याच सुमारास इरफानच्या चुलत बहिणीनं हैदराबादहून कळवलं, की तिकडे मुलींचा एक संघ उभा राहतोय आणि त्यांना राखणदार खेळणारी मुलगी हवी आहे. सुजाचं नाव तिनं सुचवलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की कलबुर्गीचा सामना आम्ही इंटरनेटवर बघू. हिला राखणदार खेळताना एकदा पाहू दे, मग ठरवू. सुजा त्या आठवड्यात तूर कापताना गाणं गुणगुणत होती. विळ्यानं बोट कापून घेतलं तरी हसत होती. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो.

उपांत्य सामना तीन डावांचा होता. पहिले दोन डाव आतल्या खोलीत; तिसऱ्याची वेळ आली तर तो मोठ्या पडद्यावर, आणि इंटरनेटवर दिसणार तोच. पहिला डाव आम्ही जिंकलो. समोर हरण होतं, सुजानं त्याला बांधून ठेवलं. दुसऱ्या डावात त्यांनी धुरांडं आणलं आणि आम्ही सपाटून हरलो. मला वही आठवली. दोन रेघा आठवल्या. मोठ्या पडद्यापुढच्या खुर्चीत बसता बसता मी म्हणालो, “सुजा, राखणदार सोड. दुसरं काहीबी घे.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग म्हणाली, “बरं, अण्णा.”

तिसरा डाव आम्ही हरलो. हरण्याचं काही नाही, आम्ही पुष्कळदा हरायचो. पण हैदराबादच्या मुलींनी जी सुजा पाहिली ती भलतंच पात्र घेऊन चाचपडणारी होती. त्यांचा निरोप आला नाही. येताना बसमध्ये सुजा खिडकीला डोकं टेकून झोपली होती, किंवा डोळे मिटून बसली होती. त्या हंगामानंतर तिनं खेळ सोडला, परीक्षा दिली, नोकरी धरून हैदराबादला गेली. राखीला येते, माझ्या लेकरांना खाऊ आणते, माझी थट्टा करते. सगळं छान आहे. फक्त या खेळाचा विषय निघाला की चहा करायला उठते.

तेव्हापासून मी शोध घेतोय, की वहीचं उजवं पान बरोबर होतं का. जगभरचे लोक याच दोन जोड्यांवर तासन्‌तास बोलतात, ते मी ऐकलं. कुणी म्हणतं धुरांडं वरचढ, कुणी म्हणतं राखणदार. तार दारात बांधावी की दारामागे चार पावलांवर, यावर माणसं हमरीतुमरीवर येतात. दारामागे बांधली तर धूर दारातच अडकतो आणि तार मोकळ्या जागेत वाजते, ही युक्ती ऐकली तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात एकटाच “अरे!” म्हणून ओरडलो होतो. खडूनं फरशीवर आकृतीसुद्धा काढली. शिपाई बघत होता. मला वाटे, हे एकदा निर्विवाद सुटलं, की मी सुजाला सांगू शकेन: माझं बरोबर होतं, किंवा माझं चुकलं. दोन्हींतलं काहीही चाललं असतं.

या वर्षी तिचा फोन आल्यावर मला काय सुचलं कोण जाणे, मी इरफानला विचारलं की त्या दिवसाचं काही राहिलंय का तुझ्याकडे. तो म्हणाला, “हौ, हैं ना. दूसरा डाव पूरा हैं, आवाज के साथ.” खेळताना हेडफोनवर चाललेलं आमचं सगळं बोलणं त्यानं तेव्हा हौसेनं साठवून ठेवलं होतं. त्यानं ते पाठवलं. कापणीचे दिवस आले होते, बाया रानात होत्या, आणि मी भर दुपारी बांधावर तुराट्यांच्या सावलीत बसून वही उघडली. धुरांडं कितीदा आलं, तार कितीदा वाजली, राखणदार कितीदा कमी पडला, असे रकाने आखले.

दहा मिनिटं ऐकून मी पेन खाली ठेवलं.

सगळ्या डावभर एकच आवाज होता आणि तो माझा होता. इकडं जा, तिकडं बघ, बसू मागं हो, इरफान थांब, मी सांगतो, माझं ऐका. श्वास घ्यायलासुद्धा थांबत नव्हतो. आणि त्या बडबडीच्या खाली, कान देऊन ऐकलं तर, एक बारीक आवाज: “अण्णा, डाव्या—” माझा आवाज चालूच, आणि ती थांबलेली. थोड्या वेळानं पुन्हा, “अण्णा, माग—” पुन्हा थांबलेली. पुढच्या वेळी तर नुसताच श्वास आत घेतल्याचा आवाज, बोलायच्या आधी घेतो तसा, आणि पुढे काहीच नाही. दर वेळी त्यानंतर चार-पाच सेकंदांनी ती म्हणाली असती त्याच बाजूनं धूर फाकायचा, ते आत यायचे आणि बसू “बंद्रू!” म्हणून किंचाळायचा. तार वाजत होती. राखणदाराला ऐकू येत होतं. थोरला भाऊ बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही, ही घरची रीत तिनं गोळीबारातसुद्धा पाळली होती.

मला तिथं रडू आलं. बाया लांब होत्या, बरं झालं.

सुजा कापणीच्या शेवटच्या दिवशी आली. दोन दिवस रानात राबलो, रास झाली, आणि रविवारी दुपारी आळंदच्या माझ्या घरी माझा कॉम्प्युटर आणि तिचा लॅपटॉप शेजारी शेजारी मांडला. मधे उकडलेल्या शेंगांचं ताट. आईनं शेवटचा हिरवा पट्टा मुद्दाम राखून ठेवला होता. मी तिला ते ध्वनिमुद्रण ऐकवलं. तिनं पूर्ण ऐकलं. शेंग हातात तशीच होती.

“सुजा,” मी म्हणालो, “चुकलं माझं. पात्राचं न्हाई म्हणत मी. तुला बोलू दिलं न्हाई, ते चुकलं.”

मग मी जन्माचा चौकस, मला राहवेना. “पर तू जरा जोरात कामून न्हाई बोललीस?”

“बोलले असते तर ऐकलं असतंस?”

मी खरंच विचार केला. सहा वर्षांपूर्वीचा मी डोळ्यांपुढे आणला; हातात वही, वहीत दोन रेघा.

“न्हाई,” मी म्हणालो.

“मग?” असं म्हणून तिनं शेंग तोंडात टाकली. “मला त्या पोरींचं वाईट वाटलं व्हतं, अण्णा. लई. आता न्हाई वाटत. पर तुझ्यासंगं खेळायला भ्या वाटायचं. परत ‘बरं, अण्णा’ म्हणावं लागंल म्हणून.”

तिच्या मनातली ही भीती मला आजवर ठाऊक नव्हती.

इरफान आणि बसू आपापल्या घरून जोडले गेले, पाचवा कुणीतरी अनोळखी मिळाला. राखण आमची. समोरच्यांची पात्रं पडद्यावर आली आणि त्यात धुरांडं होतं. मी सांगतो, माणूस सुधारतो वगैरे सगळं खरं, पण जीभ जुनीच असते.

“सुजा, धुरांडं हाय त्यांच्यात. तू राखणदार सो—”

“अण्णा, गप बस.”

तिकडे इरफानचाही आवाज बंद. आमच्या घरात हे वाक्य आजवर खालून वर कधी गेलं नव्हतं. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिचे कान लाल झाले होते. पण नजर पडद्यावरून हलली नाही. राखणदार घेऊन झाला होता. दारामागे चार पावलांवर ती वाकून तार बांधत होती.

मी गप बसलो. गप बसल्यावर त्या खेळात किती आवाज असतात, ते मला पहिल्यांदा कळलं. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. लोखंडी जिन्यावर कुणीतरी पाय ठेवून थांबलं होतं. माझ्या शेजारी सुजाचा श्वास होता. मग समोरच्या दोन्ही दारांत धूर भरला, करडा, गच्च, त्या पहाटेच्या धुक्यासारखा, आणि मला पुढचं काही दिसेना. मला वाटत होतं उजवीकडे. अगदी खात्रीनं वाटत होतं.

“डावीकडं!” सुजा ओरडली.

“हो,” मी म्हणालो, आणि डावीकडे पळालो.